एक्सलवर घातलेले अक्षर

त्या मिस्त्रीला मी पहिल्या दिवसापासून आवडले नाही, आणि मलाही तो आवडला नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे. कारण पुढे मी त्याची माफी मागितली आहे, आणि माफी मागितली की माणसे एकमेकांना आवडू लागतात असा एक समज असतो. तसे काही झाले नाही. मी लिहिलेल्या चार परिच्छेदांमुळे त्याचे रविवारचे काम गेले, मग आठवड्यातलेही जाऊ लागले, आणि ते परत मिळवून देऊ शकणारी मी एकटीच होते. मला ते करायचे नव्हते.

मी परभणीत एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. गाडी चालवायला शिकले ती सत्तेचाळिसाव्या वर्षी, घरातल्या सर्वांचे शिकून झाल्यावर. शर्यतीच्या मैदानावर गेले ती तर निव्वळ संकोचामुळे. माझ्या दाढेचे काम करताना दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या रविवारच्या छंदाविषयी सांगितले, ‘तुम्हीही या की मॅडम, जुनी गाडी पडूनच आहे ना तुमच्याकडे,’ असे म्हटले, आणि तोंड उघडे व बधिर असल्यामुळे मला नकार देता आला नाही. पुढच्या रविवारी मी गेले. त्याच्या पुढच्याही गेले. एका महिन्यात मागच्या सीटा निघाल्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसला, आणि माझ्या लक्षात आले की आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या गोष्टीची हाव सुटली आहे.

मैदान म्हणजे ताडकळसच्या रस्त्यावरचे एका बंद पडलेल्या जिनिंगचे आवार. कापसाच्या रिकाम्या गोदामाभोवती मुरमाची वाट, वळणांवर चुना फासलेले टायर, आणि डॉक्टरांच्या हातात वेळ मोजायचे घड्याळ. दहा-बारा जण, सगळे पुरुष, बहुतेकांच्या गाड्या माझ्यासारख्याच जुन्या आणि छोट्या. या सर्व गाड्यांचे काम एकच मिस्त्री पाही. परभणीत त्याचे स्वतःचे गॅरेज होते. रविवारी तो पाने-हातोड्यांची पेटी घेऊन मैदानावर येई. किडकिडीत, पन्नाशीचा, बोलताना समोरच्याकडे न पाहता चाकाकडे पाहणारा. पहिल्या दिवशी त्याने माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “ही कोन चालवनार? साहेब आले न्हाईत का?”

“मीच चालवणार आहे.”

“बरं,” तो म्हणाला. त्या एका शब्दात जेवढे मावू शकते तेवढे सगळे त्याने त्यात भरले होते.

आमच्या या गाड्यांत इंजिनाची ताकद दोन पोलादी दांड्यांतून पुढच्या दोन चाकांना जाते. पुस्तकात त्यांना काही वेगळे नाव असेल. मैदानावर सगळे एक्सलच म्हणत. दांडीच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात, त्यांत ग्रीस, आणि वरून रबरी बूट. हे सगळे मला समजले ते पहिला एक्सल तुटल्यावर. गोदामाच्या मागच्या वळणावर काहीतरी कडाडले, इंजिन जिवाच्या आकांताने ओरडू लागले आणि गाडी मात्र जागची हलेना. मी पाय दाबतच राहिले. चार जण धावत आले. “तुमी बसाच आत, मॅडम,” त्यांतला एक म्हणाला, “ढकलायची सवय हाय आमाला.” मी खरोखरच बसून राहिले, कारण उतरून काय म्हणायचे ते सुचले नाही.

मिस्त्री गाडीखाली शिरला. खालून त्याचा आवाज आला. “बूट फाटलाय. समदा मुरूम आत गेलाय. वळताना खट्‌खट् वाजत न्हवतं का?”

“वाजत होते.”

“मग?”

दोन रविवार तो आवाज मी ऐकला होता आणि विचारायला लाजले होते. मिस्त्री बाहेर आला आणि माझ्याशी नव्हे, बाकीच्यांशी बोलला. “वाजायलंय तरी चालवायलेत. रेडिओ समजल्या काय की!”

ते हसले. त्यात विशेष काही नव्हते, ते एकमेकांनाही असेच हसत. परंतु मला एकमेकांतली धरलेली नव्हती, त्यामुळे तो विनोद मी घरी घेऊन आले आणि आठवडाभर जपला.

नवा एक्सल मी स्वतः दुकानातून आणून दिला. त्याच्या दांडीवर निळ्या रंगाचा पट्टा होता. तीन आठवड्यांनी डॉक्टरांची गाडी जॅकवर उचललेली असताना मला तिच्या खाली तसाच निळा पट्टा दिसला. माझ्या गाडीखाली वाकून पाहिले तर तिथे नुसते काळे, तेलकट लोखंड. मी मिस्त्रीला विचारले. म्हणजे, मी विचारायला लागले आणि वाक्य अर्धे राहिले.

“निळा पट्टा समद्यालाच आसतो, मॅडम. चिखलानं, तेलानं जातो तो,” तो म्हणाला आणि कामाला लागला.

माझा विश्वास बसला नाही. मैदानावर सामानाची अदलाबदल सर्रास चाले. एकाचे बेअरिंग दुसऱ्याला, दुसऱ्याचा रेडिएटर तिसऱ्याला, ‘पुढच्या रविवारी देतो’ म्हणून. ज्याला मोठ्याने नाही म्हणता येत नाही त्याच्याच गाडीतून वस्तू आधी निघत असणार, अशी माझी खात्री झाली.

आमच्या भागात वस्तूवर नाव घालण्याचे कोणाला वावडे नाही. लग्नात आलेल्या तांब्या-ताटांवर भांड्यांच्या दुकानात मशीनने नाव कोरून घेतात. शेतात पाण्याच्या मोटारीवर, पाइपांवर, वखराच्या लोखंडावर वेल्डिंगचे टिपके देऊन आडनावाचे पहिले अक्षर घालतात. पाइप बांधावरून इकडे तिकडे जातात, अक्षर मात्र सांगते की कुठले आहेत. माझ्या माहेरी विहिरीवरच्या मोटारीला असे अक्षर होते. ते पाहातच मी लहानाची मोठी झाले. म्हणून मी काय केले, तर दोन्ही बाजूंचे दोन कोरे एक्सल विकत आणले आणि मिस्त्रीकडे देण्याआधी जिंतूर रोडवरच्या एका वेल्डिंगवाल्याकडे नेले. तो नांगर, वखर, ट्रॉल्या यांची कामे करीत असे.

“कुठं घालू?” त्याने विचारले.

“मधोमध. खाली वाकून पाहिले तरी दिसले पाहिजे.”

त्याने दांडी हातात तोलली. “हे गाडीचं दिसायलंय. नांगराचं न्हाई.”

“हो.”

“घालू ना?”

“घाला.”

त्याने दोनदा विचारले होते, हे मला पुढे फार आठवले. त्या वेळी मात्र मी ठिणग्यांपासून डोळे फिरवून उभी होते आणि मनात एक कडवट समाधान होते. प्रत्येक दांडीवर आठ-नऊ टिपक्यांचे ठसठशीत अक्षर उठले.

मिस्त्रीने दांडी हातात घेतली तेव्हा त्याचा अंगठा नेमका अक्षरावर आला. तो तिथेच थांबला.

“हे कशाला?”

“ओळखू यावे म्हणून.”

“कुनाला?”

त्याने पुन्हा एकदा अक्षरावरून अंगठा फिरवला. “बरं,” म्हणाला, आणि दोन्ही एक्सल बसवून दिले. त्या दिवशी त्याने कोणताही विनोद केला नाही. मला वाटले, वरमला.

पाचव्या रविवारी डावा एक्सल तुटला. या वेळी जॉइंटला काही झाले नव्हते. दांडीच मधोमध मोडली होती, काकडी मोडावी तशी. मिस्त्रीने दोन्ही तुकडे बाहेर काढून मुरमावर ठेवले आणि उकिडवा बसून पाहात राहिला.

“दांडी अशी मोडत न्हाई कवा,” तो स्वतःशीच म्हणाला. “जॉइंट जातो. दांडी न्हाई.” मग माझ्याकडे न पाहता, “क्लच आदळायलाव का तुमी लय?”

मी तुकडे उचलले, पिशवीत घातले आणि घरी घेऊन आले. पुराव्याशिवाय विधान करू नये असे मी वीस वर्षे शिकवत आले आहे. आता पुरावा माझ्या जेवणाच्या टेबलावर होता. मोडलेल्या तोंडाचे दोन भाग स्पष्ट दिसत होते. अर्धचंद्राएवढा एक भाग गुळगुळीत आणि काळपट होता, उरलेला खरखरीत, चकाकणारा, साखरेच्या दाण्यांसारखा. नळाचे काम करणाऱ्याने घरी एकदा करवतीने पाइप कापला होता, त्याचे तोंड असेच गुळगुळीत होते. मला सगळे समजले. अर्धी दांडी कापून ठेवायची, उरलेली आपोआप मोडणार, मॅडम कंटाळून घरी बसणार. ‘दांडी अशी मोडत नाही’ हा तर त्याने आपल्या तोंडाने दिलेला कबुलीजबाबच होता.

मी त्याला फोन करून विचारू शकले असते. पण मी लिहायला बसले. लिहिताना माझा आवाज कापत नाही. त्या दिवशी दुपारी मैदानाच्या ग्रुपवर मी चार छायाचित्रे आणि चार परिच्छेद टाकले. त्यांतले एक वाक्य मला अजून पाठ आहे: ‘सदर दांडीचा अर्धा भाग धारदार साधनाने आधीच कापून ठेवल्याचे छायाचित्रावरून स्पष्ट होते, हे कृत्य कोणी केले असावे हे सांगण्याची आवश्यकता नाही.’ ‘सदर’ हा शब्द मी काढून पुन्हा घातला होता. त्याने वजन येत होते.

फार वजन आले. ज्या माणसांनी माझे बोललेले एक वाक्य कधी पुरते ऐकून घेतले नव्हते, त्यांनी लिहिलेल्या चार परिच्छेदांवर शंकासुद्धा काढली नाही. डॉक्टरांनी फोन केला. “मॅडम, हे भयंकर आहे. जीव गेला असता. त्याला आता मैदानावर घ्यायचं नाही, असं ठरलंय.” एकदोघांचा मिस्त्रीवर आधीचा राग होता, त्यांनाही निमित्त मिळाले.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला फाटकातच अडवले. आठवड्यात दुसऱ्या गॅरेजमध्ये नवा डावा एक्सल बसवून घेऊन मी गाडीत हेल्मेट घालून बसले होते. डॉक्टरांना ओलांडून तो सरळ माझ्या गाडीपाशी आला. काचेवर बोट वाजवले.

“मॅडम, काच खाली घ्या.”

मी समोर पाहात राहिले.

“काच घ्या खाली.”

मी घेतली नाही. तो बराच वेळ बोलत होता. हेल्मेटमधून आणि काचेमधून मला दोनच शब्द नीट ऐकू आले, ते त्याने पुनःपुन्हा म्हटले असावेत: “मी कापला?” नंतर तो आपली पेटी उचलून गेला.

दोन रविवारांनी उजवा एक्सलही तुटला. पुन्हा मधोमध. हे लिहायला संकोच वाटतो, पण मला आनंद झाला. गाडी तीन पायांच्या जनावरासारखी मुरमावर उभी होती आणि मी आत बसून मनाशी म्हणत होते, पाहा, दोन्ही कापले होते. डॉक्टर म्हणाले, “कोणा जाणकाराकडून लेखी घेऊन ठेवू. उद्या त्याने उलट तक्रार करायला नको.” त्यांचे एक वयस्क रुग्ण पूर्णेला राहात होते. रेल्वेत डब्यांची चाके आणि एक्सल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. मी चारही तुकडे पिशवीत घालून पूर्णेच्या बसमध्ये बसले. पिशवी मांडीवर घेतली होती. तिचे वजनसुद्धा मला आवडत होते.

ते गृहस्थ स्टेशनामागच्या गल्लीत घरासमोर खाट टाकून बसले होते. डॉक्टरांचे नाव काढताच कपाळाला आठ्या घातल्या. “त्यान्ला सांगा, खालची कवळी टोचायली अजून. दोनदा घासून दिली तरी टोचायली.” मी सांगेन असे म्हटले आणि तुकडे खाटेवर मांडले. त्यांनी ते उन्हात धरले. मग आतून रॉकेलचा डबा आणला, तुकडे त्यात भिजवून पुसून कोरडे केले आणि त्यांवर पांढऱ्या खडूची भुकटी चोळली. थोड्या वेळाने पांढऱ्या भुकटीवर अक्षराच्या टिपक्यांच्या कडेने बारीक काळ्या रेषा उमटू लागल्या. भेगांत शिरलेले रॉकेल बाहेर येत होते.

“हे अक्षर कुनाचं?” त्यांनी विचारले.

“माझे. पण मला विचारायचे होते ते या गुळगुळीत भागाविषयी. ही करवत आहे ना?”

“करवत?” त्यांनी माझ्याकडे पाहिले. उठले, आतून करवत घेऊन आले, दांडीच्या एका कडेला चार हात मारले आणि तो तुकडा माझ्या डोळ्यांपुढे धरला. कापलेल्या जागी सरळ, आडव्या रेघा होत्या. “ही करवत. आता हे बगा.” त्यांनी मोडलेले तोंड माझ्याकडे वळवले. “तुमी काय शिकवता म्हनलाव?”

“इतिहास.”

“मंग वाचता येत आसल. वाचा.”

मी वाचले. गुळगुळीत भागावर करवतीच्या रेघा नव्हत्या. तिथे बारीक कमानी होत्या, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या, एकीच्या बाहेर दुसरी, दुसरीच्या बाहेर तिसरी. त्या सर्वांचा मध्य कडेला होता. आणि त्या कडेवर माझ्या अक्षराचा एक टिपका होता.

“तडा इतून सुटला,” ते म्हणाले. “रोज जरा जरा सरकला. फिरताना दोन तोंडं एकमेकावर घासली, म्हून गुळगुळीत. शेवटी उरलेलं एकदम तुटलं, ते खरखरीत. वेल्डिंगचा टिपका पडला की तितलं पोलाद काचेगत ठिसूळ होतंय. आमी आयुष्यभर एक्सलच्या अंगावर खडूबिगर काही लावलं न्हाई. नंबर टोकावर, जितं जोर येत न्हाई तितं. चुकून ठिणगी पडली तरी तो एक्सल बाद करायचो. आन तुमी मधोमध बारखडी लिवून ठिवली!”

मी अक्षरावरची खडूची भुकटी बोटाने पुसली.

“कुनी घालाया लावलं हे?”

“मीच.”

“मंग मोडलं बी तुमीच, बाई. लिहून पायजे होतं ना? थांबा, देतो.”

नको, असे मी म्हटले. त्यांनी ऐकले नाही. कॅलेंडरचा एक जुना कागद फाडून त्याच्या पाठीवर त्यांनी लिहिले: ‘तडा अक्षरापासून. करवत नाही.’ खाली सही केली. निघताना म्हणाले, “कवळीचं तेवढं विसरू नका.”

डॉक्टरांना मी कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून मला परत दिला. “राहू द्या, मॅडम. नवीन मिस्त्री मिळालाय. आता पुन्हा विषय काढला तर तुमचंच हसं होईल, आणि आमचंही. तो तसाही तोंडाळ होता.”

मला यापेक्षा सोयीचा सल्ला कोणी दिला नसता. मी नऊ दिवस तो पाळला. त्या नऊ दिवसांत मी रेडिओचा विनोद वारंवार आठवून पाहिला, त्याचा तो ‘बरं’ आठवून पाहिला, ‘साहेब आले न्हाईत का’ हेही आठवले. तो उर्मट होता, हे अजूनही खरेच होते. परंतु कितीही वेळा आठवले तरी त्याच्या हातात करवत येईना.

दहाव्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सहकारी दुसऱ्याला सांगत होते, “त्या मिस्त्रीकडे गाडी टाकू नका हो. मुद्दाम एक्सल अर्धा कापून ठेवतो म्हणे. धारदार साधनानं.” त्यांना माझा ग्रुप माहीत नव्हता, मी गाडी चालवते हेही माहीत नव्हते. ‘धारदार साधन’ मात्र माझेच होते. मी वही मिटली, पुढचा तास सोडला आणि गॅरेजवर गेले.

एरवी तिथे रस्त्यापर्यंत गाड्या लागलेल्या असत. त्या दिवशी एक रिक्षा होती. मिस्त्रीचे हात ग्रीसने भरले होते, त्यामुळे मी पुढे केलेला कागद त्याने घेतला नाही.

“वाचा,” म्हणाला.

मी वाचून दाखवला. टिपका, तडा, घासलेली तोंडे, सगळे सांगितले.

“म्हंजे मी कापला न्हाई.”

“नाही.”

“हे मला म्हाईतच होतं. मला कामून सांगायलाव?”

“मी क्षमा मागायला आले आहे.”

तो रिक्षाच्या चाकाकडे पाहात राहिला. “वेल्डिंगनं दांडी मोडती हे मला म्हाईत न्हवतं. खोटं कामून बोलू? पर अक्षर कशासाठी घातलं ते मला त्याच दिवशी कळलं. तवाच गाडी परत द्यायला पायजे होती. चोर समजनाऱ्याच्या गाडीला हात लावला, तेवढी चूक माझी.”

“मी ग्रुपवर सविस्तर लिहिते. आजच.”

“नगं!” तो पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहून बोलला. “लिवायला तुमाला काय लागतंय? लय झ्याक लिवता तुमी. तोंडानं सांगा. मैदानावर, समद्यांसमोर. मी फाटकाच्या भाईर उभा ऱ्हातो. तुमी सांगितल्याबिगर आत येत न्हाई.”

मला त्या क्षणी त्याचा विलक्षण राग आला. माझी नेमकी दुखरी जागा त्याला कशी सापडली, याचा राग.

रविवारपर्यंत मी सहा वाक्ये तयार केली होती. त्यांत ‘गैरसमज’ हा शब्द दोनदा होता आणि ‘अनवधान’ एकदा. सकाळी सगळे गाड्यांपाशी जमले होते. फाटकाबाहेर मिस्त्री पेटी खाली ठेवून उभा होता. मी टायरांच्या रांगेपाशी गेले आणि सुरुवात केली.

“मला एक निवेदन...”

“मोठ्यानं, मॅडम!”

“ते एक्सलच्या बाबतीत... अनवधानाने माझ्याकडून...”

“आयकू येईना हो!” कोणीतरी मुद्दाम इंजिन चालू केले आणि हसू पिकले. डॉक्टर घड्याळाची चावी फिरवत होते. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा वाक्य हरवले. फाटकापाशी मिस्त्री तसाच उभा होता. मला मदत करण्याचा त्याचा काडीचाही विचार नव्हता. त्याच्याकडे पाहूनच शेवटी माझा आवाज फुटला, आणि तो ओरडण्याचा निघाला.

“त्यांनी कापले नाही! माझ्या अक्षरामुळे मोडले! मी खोटे लिहिले होते!”

मी ‘चुकीचे’ म्हणणार होते. तोंडातून ‘खोटे’ निघाले, आणि परत घेता आले नाही. इंजिन बंद झाले.

“हात तिच्या,” एक जण म्हणाला. “आन आमी त्याला फाटकातून हाकलला.”

“मंग आता काय, हार घालायचा का त्याला?” दुसरा म्हणाला. पण तो हसण्याच्या आवाजात नव्हता. तिसऱ्याने माझ्याकडे पाठ केली आणि फाटकाकडे हात करून हाक मारली, “ये की बे आत! उन्हात कामून उभारलास?”

मिस्त्री आत आला. माझ्या जवळून गेला, पण थांबला नाही. डॉक्टरांच्या गाडीचे बोनेट उघडले आणि त्यांच्याकडे पान्यासाठी हात पुढे केला. डॉक्टरांनी पाना दिला. तेवढ्यावरच त्या दोघांचे मिटले.

दुपारी गर्दी पांगल्यावर मी त्याच्यापाशी गेले. माझी गाडी अजून उजव्या एक्सलशिवाय उभी होती, नवा एक्सल मी आणला होता.

“हे बसवून देता?”

“तुमची गाडी न्हाई करनार.”

“मी सांगितले ना सर्वांसमोर.”

“सांगितलं. म्हून मी इतं उभा हाय. गाडीचं येगळं.”

“स्टाफरूममध्येही सांगितले. आणखी कोणाकोणाला सांगायचे ते...”

“ते मला सांगू नका,” तो म्हणाला. “जे परत येतील ते मला दिसतील.”

त्यानंतर मी आणखी सात जणांना तोंडाने सांगितले, प्रत्येक वेळी घाम फुटून. बहुतेक जण ‘असेल बुवा’ म्हणाले. स्टाफरूममधले सहकारी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले होते, “हो का? पण आता आम्ही दुसरीकडे लावली गाडी, मॅडम.” गॅरेजसमोर गेल्या आठवड्यात पाच गाड्या होत्या. रस्त्यापर्यंत रांग अजून लागलेली नाही.